अकरा फटक्यांचा विजय

४ ऑगस्ट २०१९. इंग्लंडमधल्या वोबर्न गोल्फ क्लबच्या अठराव्या होलवर २० वर्षांच्या हिनाको शिबुनोने शेवटचा पट मारला. चेंडू जरा जोरातच निघाला होता, पण होलच्या मागच्या कडेवर आपटून आत पडला आणि महिलांची ब्रिटिश ओपन तिने एका फटक्याने जिंकली. जपानबाहेर ती खेळत असलेली ही पहिलीच स्पर्धा! बातम्यांमध्ये एक वाक्य हमखास होतं: १९७७मध्ये हिसाको हिगुचीने अमेरिकेत एलपीजीए चँपियनशिप जिंकली, त्यानंतर तब्बल ४२ वर्षांनी जपानी महिलेला मेजर, म्हणजे सर्वांत प्रतिष्ठेच्या मोजक्या स्पर्धांपैकी एकीचं, विजेतेपद मिळालं.

वाक्यात चूक काहीच नाही. पण ते वाचताना आयाको ओकामोतो हे नाव माहीत असलेल्या माणसाला चुटपुट लागल्याशिवाय राहत नाही. कारण १९८४मध्ये, याच वोबर्न क्लबवर, हीच ब्रिटिश ओपन ओकामोतोने जिंकली होती. चार फेऱ्यांत २८९ फटके. दुसऱ्या क्रमांकावरच्या बेट्सी किंग आणि डेल रीड तिच्या ११ फटके मागे. ज्या खेळात एका-दोन फटक्यांवर निकाल लागतो, तिथे ११ म्हणजे शेवटच्या दिवशी शर्यत उरलीच नव्हती. तरीही मेजर विजेत्यांच्या यादीत ओकामोतोचं नाव नाही. ब्रिटिश ओपनला एलपीजीए, म्हणजे अमेरिकेची महिला व्यावसायिक गोल्फ संघटना, मेजर मानू लागली ती २००१पासून.

ओकामोतोचा जन्म १९५१चा, हिरोशिमा प्रांतातल्या अकित्सू या समुद्रकाठच्या गावातला. घरात गोल्फचा गंधही नव्हता. ती सॉफ्टबॉल खेळायची, डावखुरी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती. समुद्रापलीकडे, शिकोकू बेटावरच्या इमाबारीच्या शाळेत ती खेळासाठी गेली आणि तिथून दाइवाबो या कापड कंपनीच्या फुकुईतल्या संघात. त्या काळी जपानमधल्या खेळाडू मुलींची वाट बहुधा सूतगिरण्यांतूनच जायची. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा व्हॉलीबॉल संघही मुख्यतः निचिबो या गिरणीतल्या मुलींचाच होता. १९७१च्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात दाइवाबोचा संघ अजिंक्य ठरला. त्यानंतर थोड्याच काळात ओकामोतोने सॉफ्टबॉल सोडला आणि १९७३मध्ये ओसाकाच्या इकेदा कंट्री क्लबमध्ये कॅडी म्हणून नोकरी धरली. वय २२. दुसऱ्यांच्या पिशव्या वाहायच्या आणि उरलेल्या वेळात स्वतः चेंडू मारायचे. पुढच्याच वर्षी ती व्यावसायिक खेळाडूची परीक्षा उत्तीर्ण झाली. जपानच्या महिला गोल्फपटूंची स्वतंत्र संघटना उभी राहिली तेही १९७४मध्येच. पहिली स्पर्धा तिने १९७५मध्ये जिंकली.

इतक्या लवकर हे जमलं कसं? मला वाटतं, उत्तर तिच्या डाव्या हातात आहे. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात. हात खांद्यातून पूर्ण गोल फिरतो, जोर पायांतून आणि कमरेतून वर चढतो आणि हात मांडीजवळून जात असताना मनगट चेंडू सोडतं. हजारो वेळा हेच. गोल्फ मात्र ती उजव्या हाताने खेळणाऱ्यांसारखी उभी राहून खेळली. अशा खेळाडूच्या फटक्यात पुढे असतो तो डावा हात. तो कोलमडला की चेंडूची दिशा गेलीच. म्हणजे वर्षानुवर्षं पिचिंगने घडलेला हातच तिच्या फटक्याचं नेतृत्व करत होता. तिच्या स्विंगच्या लयीची जी तारीफ होत आली, ती लय गोल्फच्या आधी कमावलेली होती.

१९८१मध्ये जपानच्या कमाईच्या यादीत ती पहिली आली आणि त्याच वर्षी अमेरिकेत खेळू लागली. १९८२मध्ये ॲरिझोनात तिथला पहिला विजय मिळाला, १९८४मध्ये वोबर्नचा. १९८५मध्ये पाठीच्या मणक्यातली चकती सरकली, आणि गोल्फमध्ये पाठ गेली तर मागे काही उरत नाही. पण ती परतली.

मग आलं १९८७. त्या वर्षीच्या यूएस ओपनची कथा सविस्तर सांगायलाच हवी. न्यू जर्सीतल्या प्लेनफील्ड क्लबवर पावसाने वेळापत्रकाचा विचका केला. रविवारी संपायची स्पर्धा सोमवारी संपली, आणि तीही बरोबरीत. तिघी २८५वर: २३ वर्षांची दणकट ब्रिटिश लॉरा डेव्हिस, ४८ वर्षांची अमेरिकन जोॲन कार्नर आणि मधली, ३६ची ओकामोतो. मंगळवारी पुन्हा १८ होल. डेव्हिस ७१, ओकामोतो ७३, कार्नर ७४. डेव्हिस तेव्हा एलपीजीएची सदस्यही नव्हती. तिला प्रवेश देण्यासाठी संघटनेने आपली घटना बदलली. नियम बदलता येतात, फक्त ते मागच्या तारखेने लागू होत नाहीत.

तरी ते वर्ष ओकामोतोचंच ठरलं. चार विजय, ४,६६,०३४ डॉलरची कमाई, बेट्सी किंगला थोडक्यात मागे टाकून पहिला क्रमांक आणि एलपीजीएची वर्षातली सर्वोत्तम खेळाडू हा किताब. तोवर हा मान अमेरिकेबाहेरच्या एकाही खेळाडूला मिळाला नव्हता. पुढे तो परदेशी खेळाडूकडे गेला १९९५मध्ये, स्वीडनच्या ॲनिका सोरेनस्टामकडे.

मेजरने मात्र तिला सतत हुलकावणी दिली. १९८६ची द्यु मोरिए क्लासिक प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात, पॅट ब्रॅडलीने नेली. १९८७मध्ये त्याच स्पर्धेत ती जोडी रोझेंथालच्या मागे राहिली. १९८९ची एलपीजीए चँपियनशिप नॅन्सी लोपेझने घेतली, आणि १९९१मध्ये त्याच स्पर्धेत मेग मॅलनने शेवटच्या होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) करून तिला एका फटक्याने मागे टाकलं.

यातली द्यु मोरिए मला सर्वांत जास्त बोचते. ही कॅनडातली स्पर्धा एका सिगारेटच्या नावाने भरायची आणि १९७९पासून ती मेजर होती. कॅनडाने तंबाखूच्या जाहिरातींवर आणि प्रायोजकत्वावर कायद्याने बंधनं आणली, तेव्हा प्रायोजक गेला आणि २०००नंतर तिचा मेजरचा दर्जाही गेला. ती रिकामी जागा मिळाली ब्रिटिश ओपनला! म्हणजे ओकामोतो जिथे दोनदा दुसरी आली ती स्पर्धा तेव्हा मेजर होती, आणि जिथे ११ फटक्यांनी जिंकली ती तेव्हा नव्हती. दर्जा एकीकडून दुसरीकडे गेला तो कॅनडाच्या तंबाखू कायद्यामुळे. तिच्या खेळाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. यादीला तारीख लागते हे मान्य. पण एखाद्या खेळाडूबद्दल ‘मेजर न जिंकलेली’ असं लिहिताना वोबर्नच्या त्या चार फेऱ्यांचा उल्लेखही न करणं हा तिच्यावर अन्याय आहे, असं माझं ठाम मत आहे.

एलपीजीएचे १७ आणि जगभरचे ६२ विजय तिच्या नावावर आहेत. १९९७मध्ये, ४६व्या वर्षी, तिने जपान ओपन जिंकली. २००५मध्ये जागतिक गोल्फ हॉल ऑफ फेममध्ये तिची निवड झाली. नंतर ती शिकवू लागली. २०१३मध्ये जपानच्या कमाईच्या यादीत पहिली आलेली रिकाको मोरिता तिचीच शिष्या.

वोबर्नला जिंकलेली शिबुनोही लहानपणी सॉफ्टबॉल खेळायची. तिच्यानंतर जपानी मुलींचा ओघच सुरू झाला. २०२४मध्ये युका सासोने यूएस ओपन आणि आयाका फुरुएने एव्हियाँ चँपियनशिप जिंकली, २०२५मध्ये माओ सायगोने शेव्हरॉन चँपियनशिप आणि मियू यामाशिताने ब्रिटिश ओपन. एलपीजीएची वर्षातली सर्वोत्तम खेळाडू हा किताब मात्र १९८७नंतर २०२५पर्यंत दुसऱ्या कुठल्याही जपानी खेळाडूला मिळालेला नाही.