घर संस्थेचे, भांडवल कोणाचे?

तयार सदनिका घेऊ पाहणाऱ्या शिक्षकास वा लिपिकास त्याच्या पगाराच्या दाखल्यावर बँक कर्ज देते. परंतु असेच चाळीस पगारदार सभासद एकत्र येऊन आपल्या सहकारी संस्थेची जीर्ण इमारत स्वतः नव्याने बांधू म्हणाले, की त्याच बँकेचा हात आखडतो. हा विरोधाभास अकारण नाही.

तयार घर हे डोळ्यांसमोर उभे असलेले तारण. बांधकाम हे काही वर्षांनी पुरे होणारे वचन. व्याज पहिल्या उचलीपासून चढते, परतफेड मात्र जादा सदनिका विकल्या गेल्यावरच. मध्येच काम थांबले तर अर्धवट सांगाडा लिलावात कोण घेणार? २०१८ मध्ये आयएल अँड एफएस व २०१९ मध्ये डीएचएफएल संकटात सापडल्यावर बांधकामाकडे जाणारा पैशाचा ओघ आटला आणि रखडलेल्या प्रकल्पांसाठी केंद्र सरकारला विशेष निधी जाहीर करावा लागला. तेव्हा बँकांची सावधगिरी सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही.

संस्थांपुढील मोठा अडसर मात्र जमिनीच्या कागदाचा आहे. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्यानुसार विकासकाने जमीन संस्थेच्या नावे करून द्यावयाची असते. ते अभिहस्तांतरण अनेक संस्थांना वर्षानुवर्षे मिळालेले नाही. जी जमीन नावावर नाही, ती गहाण तरी कशी ठेवावयाची? २००८ मधील दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला झाला. परंतु इमारतीला तडे जाईपर्यंत त्याची आठवण फारशी कोणास होत नाही.

राज्य शासनाने सप्टेंबर २०१९ मध्ये स्वयंपुनर्विकासास सवलती दिल्या. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने राज्य व जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना निवासी प्रकल्पांसाठी कर्ज देण्याची मुभा दिली. पण तीही गृहकर्जांसाठी ठरलेल्या, एकूण मालमत्तेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेतच. एवढ्या बळावर हा भार पेलणार नाही.

कर्ज न मिळालेली संस्था अखेर विकासकाच्याच दारी जाते आणि बँकेच्या व्याजाऐवजी चटईक्षेत्राच्या रूपाने भांडवलाचे मोल चुकविते. ते टाळावयाचे तर संस्थांनी आजच जमिनीचे कागद पुरे करावेत आणि शासनाने सवलतींबरोबर कर्जाची हमीही घ्यावी. १९६९ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते लहान माणसापर्यंत पतपुरवठा पोहोचावा म्हणून. त्या माणसाची पत एकट्याने मोजली जाते. एकत्र आल्यावर ती घटू नये.