आखाड्यावर कॅमेरा बसवताना वायरीकडे लक्ष द्या



सोयाबीनची रास झाली की पोती लगेच लातूरच्या अडतीला जातात असे नाही. भाव पाहून माल काढावा म्हणून ती महिना-दोन महिने आखाड्यावर किंवा घरच्या ओसरीत राहतात. गोठ्यात देवणी नाहीतर लाल कंधारी जनावरे असतात. विहिरीवर मोटार, स्टार्टर आणि केबल असते, तुषारचे पाईप रचलेले असतात. पूर्वी राखणीला सालगडी असायचा. आता रात्री रानात मुक्कामाला माणूस मिळत नाही. म्हणून नांदेड-लातूर भागात गावोगाव घरावर आणि आखाड्यावर कॅमेरे दिसू लागले आहेत.

बैल गेल्यावर झोपा करण्यापेक्षा आधी बंदोबस्त केलेला बरा, यात शंका नाही. पण कॅमेरा टांगला म्हणजे राखण झाली, असे समजू नये. कॅमेरा डोळ्याला दिसतो, म्हणून आपण त्याचीच किंमत विचारतो. वायर, जोड, अर्थिंग आणि लाईटची सोय डोळ्याआड राहते, आणि काम बिघडते ते बहुधा तिथेच. म्हणून कॅमेरा बसवणारा मिस्त्री आला की काय पाहावे, ते या पत्रकात सांगितले आहे.

सामान कोणते लागते?

सामान दोन प्रकारचे मिळते. पहिल्या प्रकारात कॅमेऱ्यापासून रेकॉर्डिंगच्या डब्यापर्यंत, म्हणजे डीव्हीआरपर्यंत, ‘थ्री प्लस वन’ वायर येते. तिच्यात एक तार चित्राची आणि तीन बारीक तारा लाईटच्या असतात. दुसऱ्या प्रकाराला आयपी कॅमेरा म्हणतात. त्याला इंटरनेटची ‘कॅट सिक्स’ वायर लागते आणि तिच्यातूनच चित्र व लाईट दोन्ही जातात. या वायरीची मर्यादा १०० मीटर, म्हणजे सुमारे ३२८ फूट. त्यापुढे ती सरळ ओढू नये.

वायर घेताना टोक सोलून पात्याने तार खरवडून बघा. आतपर्यंत लाल असेल तर तांबे. खरवडल्यावर पांढरी निघाली तर आत अॅल्युमिनियम असून वरून तांब्याचा मुलामा आहे. ती स्वस्त पडते, पण लवकर तुटते आणि तिच्यात दाब जास्त घटतो.

दिवसा दिसते, रात्री का दिसत नाही?

ही तक्रार नेहमीची आहे. कॅमेरा १२ व्होल्टवर चालतो. दिवसा त्याला लाईट थोडी लागते. अंधार पडला की त्याच्यातले न दिसणारे दिवे लागतात आणि तो जास्त लाईट ओढतो. वायर लांब आणि बारीक असली की नेमक्या त्याच वेळी टोकाला दाब कमी पडतो आणि कॅमेरा बंद-चालू होऊ लागतो.

ठिबक वापरणाऱ्याला हे लगेच कळेल. नळी बारीक आणि लांब असली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पोचते. वायरीचेही तसेच आहे. समजा तांब्याची तार ०.५ चौरस मिलिमीटरची आहे आणि रात्री कॅमेरा ०.४ अँपिअर ओढतो. ५० मीटर अंतरावर सुमारे १.४ व्होल्ट वाटेतच जातात आणि टोकाला साडेदहाच्या आसपास उरतात. १०० मीटरवर जवळजवळ ३ व्होल्ट जातात, उरतात ९. एवढ्यावर १२ व्होल्टचा कॅमेरा रात्री नीट चालेल याचा भरवसा नाही. मुलाम्याची तार असेल तर घट दीडपटीच्या घरात जाते.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्याजवळ घरगुती लाईट असेल तर अडॅप्टर तिथेच बंद डबीत बसवावा. नसेल तर लाईटसाठी जाड तांब्याची वेगळी वायर टाकावी. दाब वाढवण्यासाठी जास्त व्होल्टचा अडॅप्टर लावण्याचा जुगाड करू देऊ नका. जवळचा कॅमेरा त्याने जळतो.

काळ्या रानातून वायर नेताना

आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात-दीड हात भेगाळते आणि पावसात फुगते. नुसती पुरलेली वायर या ओढाताणीत ताणली जाते आणि जोडातून निसटते. म्हणून वायर एचडीपीईच्या काळ्या पाईपातून न्यावी. चर दोन फूट खोल घ्यावा, तळाला व पाईपावर वाळू किंवा बारीक मुरूम टाकावा. वायर पाईपात ताणून न भरता थोडी सैल ठेवावी. दोन्ही टोकांना हात-दोन हात वायर गुंडाळून शिल्लक ठेवली तर पुढे जोड नव्याने करता येतो.

चर नेहमी धुऱ्याच्या कडेने काढावा, वावरातून आडवा काढू नये. नांगराचा फाळ दोन फुटांपर्यंत सहसा जात नाही, पण सबसॉयलर जाऊ शकतो. वायर कुठून गेली त्याचा नकाशा वहीत काढून ठेवा. ट्रॅक्टरवाला दरवर्षी बदलतो.

जमिनीत जोड शक्यतो नसावा. जमिनीवरचा प्रत्येक जोड झाकणाच्या डबीत घ्यावा. वायर डबीत खालच्या बाजूने शिरावी आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी झोळावरून ठिबकून जाते, आत शिरत नाही. गोठ्यात उंदीर वायर कुरतडतात आणि जनावर अंग घासते, म्हणून माणसाच्या उंचीपर्यंत लोखंडी पाईप वापरावा. कॅमेऱ्याची वायर मोटारीच्या केबलला बांधू नये. दोन्हींत किमान एक फूट अंतर राखावे. महावितरणच्या खांबाला तर ती मुळीच बांधू नये. त्यात जिवाला धोका आहे.

जुन्या माळवदाच्या घराची भिंत दगड-मातीची असते. तिच्यात खिळा किंवा बोल्ट धरत नाही. अशा घरी लाकडी खांबावर किंवा अंगणात वेगळा लोखंडी पाईप रोवून त्यावर कॅमेरा बसवावा.

आकाशातल्या विजेपासून बचाव

मृगाच्या आधी वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा फार पडतात. कॅमेऱ्यावरच वीज पडायला हवी असे नाही. जवळ कुठे पडली तरी लांब तांब्याच्या वायरीतून झटका येतो आणि डीव्हीआर, राउटर, टीव्ही एका रांगेत जळतात.

१. घर आणि आखाडा यांच्यात अंतर जास्त असेल तर तांब्याऐवजी फायबरची वायर टाका. तिच्यातून उजेड जातो, विजेचा झटका जात नाही. मात्र तिला आधाराची लोखंडी तार असेल तर ती तार घरात आणू नका.
२. अर्थिंगचा खड्डा स्वतंत्र आणि नीट करून घ्या. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहा. सुकलेले अर्थिंग कामाचे नाही.
३. वायरीच्या दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर लावून घ्या. तो अर्थिंगला जोडलेला नसेल तर नुसती शोभा आहे.
४. ढग गडगडू लागण्याआधीच लाईटचा प्लग आणि बाहेरून येणारी वायर, दोन्ही काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र वायरीला हात लावू नका.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप मोबाईलवर विजेची सूचना देते. ते जनावरे आणि माणसे यांच्यासाठीही ठेवावे.

लाईट गेल्यावर काय?

चोर अंधाराची वाट बघतो आणि शेतीच्या फीडरला चोवीस तास लाईट नसते. चार कॅमेरे आणि डीव्हीआर मिळून साधारण ४० वॅट खातात. १५० अँपिअरची चांगली बॅटरी एवढ्या भारावर जवळपास एक दिवस काढते. पण त्याच बॅटरीवर पंखे आणि टीव्ही टाकले तर हिशेब चुकला. जिथे लाईटच नाही त्या दूरच्या रानात सौर पाट्याचा, सिमकार्डाचा कॅमेरा चालतो. तो घेण्याआधी त्या जागी कोणत्या कंपनीची रेंज येते ते संध्याकाळी, गर्दीच्या वेळी तपासा.

कॅमेरा कुठे रोखावा?

फार उंच बसवलेल्या कॅमेऱ्यात टोपी दिसते, तोंड दिसत नाही. येण्या-जाण्याच्या वाटेवर एक कॅमेरा ८ ते १० फुटांवर, तोंड ओळखू येईल असा हवा. दुसरा थोडा उंच, सगळे खळे दिसेल असा. उगवतीच्या किंवा मावळतीच्या सूर्याकडे तोंड करू नये. रात्रीच्या दिव्यांवर किडे येतात आणि किड्यांमागे कोळी जाळे विणतो. पंधरा दिवसांनी मऊ फडक्याने काच पुसावी.

शेजाऱ्याचे अंगण, न्हाणी, पाणवठ्यावर बायाबापड्यांची जागा यांवर कॅमेरा रोखू नये. चोर तर दूरच राहील, भाऊबंदकीत नवा वाद उभा राहील.

चोरी झालीच तर

दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २० जीबी जागा भरतो. चार कॅमेऱ्यांत १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुने चित्र आपोआप पुसले जाते. म्हणून तक्रार लगेच करा, चित्र दाखवा आणि डीव्हीआर जसाच्या तसा ठेवा. त्यातली तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, हे महिन्याला एकदा पाहा. डबा ओसरीत ठेवू नका, आतल्या खोलीत कुलपात ठेवा. नाहीतर चोर पोत्यांबरोबर तोही नेईल.

कोर्टात नुसता पेनड्राइव्ह पुरत नाही. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वादात व्हिडिओ चित्रणाचाच प्रश्न आला होता. मूळ यंत्र हजर न करता नक्कल द्यायची तर कायद्याचे प्रमाणपत्र लागतेच, असे सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम ६३ खाली ही अट आहे. पोलीस ठाण्यात त्याबद्दल आधीच विचारून घ्यावे. खरेदीची पावतीही जपून ठेवावी.

शेवटचे पैसे देण्यापूर्वी

मिस्त्रीशी बोलणी करतानाच ठरवा की थोडी रक्कम तपासणीनंतर मिळेल. मग पुढील गोष्टी स्वतः पाहा :

• दिवस मावळल्यावर सगळे कॅमेरे अर्धा तास चालतात का? टोकाच्या कॅमेऱ्याजवळ मीटर लावून व्होल्ट मोजून घ्या.
• मेन स्विच बंद केल्यावर रेकॉर्डिंग चालू राहते का?
• कालचे चित्र तुम्हाला स्वतःला काढून पाहता येते का? घरातल्या बाईमाणसालाही शिकवून घ्या.
• पासवर्ड तुमच्यासमोर बदलला का? तो मिस्त्रीकडे राहू नये.
• प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी आहे का?
• पक्के बिल, हमीची मुदत आणि वायरीचा नकाशा हाती आला का?

गावातल्या आयटीआय झालेल्या मुलांनी हे काम शिकण्यासारखे आहे. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत कॅमेरे बसवण्याचे थोड्या दिवसांचे प्रशिक्षण आहे. आपल्या जिल्ह्याच्या संस्थेत त्याची तुकडी कधी निघते ते विचारावे. दुरुस्तीला माणूस गावातच असला तर बंद कॅमेरा आठ-आठ दिवस तसाच राहत नाही.

बंधू-भगिनींनो, वर्षाच्या कष्टाची रास राखायची आहे. पेरताना जसे बियाणे पारखून घेता, तशीच वायरही पारखून घ्या, आणि रात्री एकदा स्वतः तपासल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका. रामराम.