भूखंडसीमांच्या भूसांरचनिक प्रतिकृती

भूकवचातील ताण व दाब यांमुळे खडकांच्या थरांत होणारे विरूपण (आकारातील बदल) प्रयोगशाळेत लहान प्रमाणावर घडवून पाहण्यासाठी वाळू, चिकणमाती, सिलिकोन इ. पदार्थांचे जे थर रचतात, त्यांना भूसांरचनिक प्रतिकृती म्हणतात. खंड संपून महासागराचा तळ जेथे सुरू होतो, त्या भूखंडसीमांच्या अभ्यासात त्या विशेष उपयोगी पडतात. कारण या सीमांचा बराचसा भाग पाण्याखाली व गाळाखाली दडलेला असतो.

सर जेम्स हॉल यांनी कापडाच्या थरांवर वजने ठेवून ते बाजूंनी दाबले आणि स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील खडकांत दिसतात तशा घड्या पाडून दाखविल्या (१८१५). मात्र प्रतिकृती कशाची बनवावी, याचे गणित एम्. किंग हबर्ट यांनी १९३७ मध्ये मांडले. १ किमी. जाडीऐवजी १ सेंमी. जाडीचा थर घेतला, तर लांबी एक लक्षांश होते; गुरुत्वाकर्षण मात्र तेच राहते. त्यामुळे पदार्थाचे बलही जवळजवळ त्याच प्रमाणात कमी हवे. कणाकणांना धरून ठेवणारे खडकाचे बल १ ते २ कोटी पॅस्कल मानल्यास प्रतिकृतीत ते शंभरभर पॅस्कलच पाहिजे. खरा दगड येथे निरुपयोगी ठरतो. कोरडी वाळू योग्य ठरते. भूकवचाचा खालचा, उष्णतेने मऊ झालेला भाग दाखविण्यास सिलिकोन वापरतात. रंगीत वाळूचे थर पेटीत पसरून एक भिंत सावकाश सरकवितात. शेवटी वाळू भिजवून तिचे छेद घेतात.

या पद्धतीचा संबंध महाराष्ट्राच्या एका जुन्या प्रश्नाशी पोहोचतो. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरात दक्षिण ट्रॅपचे लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत; वेरूळची लेणी अशाच थरांत कोरलेली आहेत. तेथून सु. २५० किमी. नैर्ऋत्येस, पनवेलजवळ, तेच सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचे थर समुद्राकडे कललेले आढळतात. ही ‘पनवेल वाकण’ होय. जे. बी. ऑडेन यांनी १९४९ मध्ये तिची चर्चा केली. भूखंडाची कड वाकून खाली गेली, हा तिचा सरळ अर्थ. हेतू शेठ यांनी १९९८ मध्ये वेगळा अर्थ सुचविला : पश्चिमेस, पूर्वेकडे उतरत खोलवर सपाट होत जाणारा वक्र विभंग (खडकांतील सरकलेला तडा) असावा आणि त्यावरील खंड सरकताना विभंगाकडे कलला असावा.

अशी हालचाल घडू शकते, हे प्रतिकृतींवरून दिसते. अर्न्स्ट क्लूस यांच्या चिकणमातीच्या (१९६८) व के. आर्. मॅक्ले आणि पी. जी. एलिस यांच्या वाळूच्या (१९८७) प्रयोगांत वक्र विभंगावरील थर त्याच्याकडेच झुकले. वाळूच्या प्रयोगांत कलाच्या माथ्याशी लहान विभंगांच्या जोड्या पडून मधला भाग खचलाही. कोकणातील पुराव्यात अशा खचांचा शोध घेणे म्हणूनच सयुक्तिक ठरते. तथापि केवळ कड वाकली, तरी तिच्या वरच्या बाजूस ताण येऊन भेगा पडतात. तेव्हा भेगा दिसल्या म्हणून निर्णय होत नाही. शिवाय पेटीतील वाळूला उष्णता नसते, लाव्हा नसतो आणि खालच्या प्रावरणाची उचलही नसते. दक्षिण ट्रॅपच्या बाबतीत हीच मोठी उणीव होय. वक्र विभंग खरोखर आहे की नाही, हे किनाऱ्याखाली व समुद्रतळाखाली घेतलेल्या भूकंपतरंगांच्या छेदांवरूनच ठरू शकेल.