चित्रे की वसतिगृहे? – एका ल्यूथरपंथी विद्यापीठाची कहाणी

‘ल्यूथरपंथी विद्यापीठ’ हे शब्द कानी पडले, की पाद्री तयार करणारी एखादी पाठशाळा आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. ही कल्पना अगदीच निराधार नाही, पण ती फार अपुरी आहे. अशा विद्यापीठांतून परिचारिका, अभियंते, शिक्षक, संगीतकार असे सर्वच तयार होतात. मग त्यांना ल्यूथरपंथी म्हणावयाचे ते कोणत्या अर्थाने? आज आम्ही या प्रश्नाचा थोडा विचार करणार आहोत.

मार्टिन ल्यूथर आपल्याला धर्मसुधारक म्हणून ठाऊक आहे. पण तो आधी प्राध्यापक होता, हे आपण विसरतो. जर्मनीत विटेनबर्ग येथे १५०२ साली विद्यापीठ निघाले. १५१२ पासून ल्यूथर तेथे बायबल शिकवी. १५१७ सालची त्याची प्रसिद्ध पंचाण्णव विधानेही विद्वानांनी वाद करावा म्हणूनच मांडलेली होती. पुढच्याच वर्षी फिलिप मेलांक्थन हा एकवीस वर्षांचा तरुण तेथे ग्रीक शिकवावयास आला आणि त्याने पहिलेच व्याख्यान दिले ते अभ्यासक्रमाच्या सुधारणेवर. तेव्हा हा पंथ मठात जन्मला असे म्हणण्यापेक्षा वर्गात जन्मला असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

ल्यूथरच्या शिकवणुकीतील दोन गोष्टी शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली ही, की ईश्वराचे बोलावणे केवळ धर्मगुरूला येत नाही. चांभार, दाई, न्यायाधीश, गृहिणी यांचे काम हीसुद्धा ईश्वराने सोपविलेली सेवाच होय. दुसरी ही, की धर्मग्रंथ ज्याचा त्याने वाचावयाचा. ही दोन तत्त्वे मान्य केली, की मुलामुलींना शिकविल्यावाचून गत्यंतर उरत नाही. १५२४ साली ल्यूथरने जर्मन नगरांच्या सभासदांना एक अनावृत पत्र लिहिले. रस्ते, पूल, बांध यांवर तुम्ही दरसाल पैसा ओतता, मग थोडासा शिक्षकांवर का खर्च करीत नाही, असा त्याचा रोकडा सवाल होता. त्याच पत्रात त्याने चांगली ग्रंथालये उभारा असेही सांगितले. हा सवाल लक्षात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता आपण अमेरिकेत जाऊ. शिकागोच्या आग्नेयेस, इंडियाना राज्यात व्हॅल्परायझो नावाचे गाव आहे. येथील विद्यापीठ जन्माने ल्यूथरपंथी नव्हे. १८५९ साली मेथडिस्ट मंडळींनी मुलगे आणि मुली दोघांसाठी ते कॉलेज काढले. १८७१ साली ते बंद पडले. १८७३ साली हेन्री बेकर ब्राउन या शिक्षकाने ते पुन्हा उघडले आणि फी व खानावळ इतकी स्वस्त ठेवली, की लोक त्याला ‘गरिबांचे हार्वर्ड’ म्हणू लागले. ब्राउननंतर पडता काळ आला. १९२३ साली तर वर्णद्वेषी कू क्लक्स क्लान ते विकत घेणार अशी वेळ आली होती. पैसा उभा न राहिल्याने तो बेत फसला. अखेर १९२५ साली ल्यूथरपंथी गृहस्थांच्या एका संघाने ते विकत घेतले. येथे मालकी चर्चची नाही, या संघाची आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथील विद्यार्थिजीवन कसे आहे? १९४३ पासून तेथे सचोटीची एक पद्धत चालू आहे. परीक्षेत पहारेकरी नसतो. आपण गैरमार्गाने मदत घेतली नाही, दिली नाही आणि दुसऱ्याने घेतलेली चालवूनही घेतली नाही, असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेवर लिहून सही करतो. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड. स्वतः सचोटीने वागणे पुष्कळांना जमते. मित्राची लबाडी खपवून न घेणे फार थोड्यांना.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इमारत हवी होती आणि विद्यापीठाजवळ पैसा नव्हता. तेव्हा विद्यार्थ्यांनीच हातात थापी घेऊन ती बांधली. १९५६ साली जुने प्रार्थनागृह आगीत भस्मसात झाले. १९५९ साली त्याच्या जागी भव्य नवे मंदिर उभे राहिले. १९६७ साली निवडक विद्यार्थ्यांसाठी ‘क्राइस्ट कॉलेज’ निघाले. तेथे पहिल्या वर्षाची मुले जुने थोर ग्रंथ वाचतात आणि त्या वाचनातून एक संगीत नाटक स्वतः लिहून, चाली बांधून रंगभूमीवर आणतात. परिचारिका होणाऱ्या मुलीने नाटक का करावे? तिच्या कामाला बोलावणे म्हणावयाचे, तर ते ऐकू येण्याइतके मन मोठे झाले पाहिजे, हे त्याचे उत्तर.

आणि येथेच आजचा पेच उभा राहतो. गेल्या काही वर्षांत या विद्यापीठाची विद्यार्थिसंख्या घटली. कायद्याचे महाविद्यालय २०२० साली बंद झाले. २०२३ साली विद्यापीठाने आपल्या संग्रहालयातील जॉर्जिया ओकीफ, चाइल्ड हॅसम व फ्रेडरिक चर्च यांची तीन मौल्यवान चित्रे विकून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची वसतिगृहे दुरुस्त करण्याचे ठरविले. ही चित्रे पर्सी स्लोन यांच्या १९५३ सालच्या देणगीतून आलेली. प्राध्यापक व माजी विद्यार्थी यांपैकी अनेकांनी कडाडून विरोध केला. संग्रहालयाचे पहिले संचालक रिचर्ड ब्राउअर यांनी तर विक्री होणार असेल तर संग्रहालयावरचे आपले नाव काढा, असे बजावले. देणगीदाराला परंपरानिष्ठ वळणाची चित्रे हवी होती आणि ओकीफ व हॅसम यांची चित्रे त्यात बसत नाहीत, असा युक्तिवाद विद्यापीठाने न्यायालयात केला. २०२४ साली न्यायालयाने विक्रीस परवानगी दिली.

ल्यूथरचा सवाल आता दोन्ही बाजूंनी विचारता येतो. मुलांच्या डोक्यावर धड छप्पर नसताना भिंतीवर लाखो डॉलर टांगून ठेवावेत काय, असे एक बाजू म्हणेल. दुसरी म्हणेल, की ग्रंथालय मागणाऱ्या ल्यूथरला चित्रशाळा नकोशी का व्हावी? आम्ही दुसऱ्या बाजूकडे झुकतो, आणि त्याची कारणे दोन. पहिले, देणगी ही ठेव असते. ती गरजेनुसार मोडता आली, तर उद्या कोणी दाता पुढे येणार नाही. दुसरे, चांगली खोली बाजारात कोठेही मिळते. परंतु एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाला वर्गाबाहेर पडता पडता ओकीफच्या तांबड्या टेकड्या पाहावयास मिळाव्यात, हे विद्यापीठच करू शकते. तरीही पहिल्या बाजूची अडचण आम्ही खोटी मानीत नाही. मुले आलीच नाहीत, तर त्या टेकड्या पाहणार कोण?

आपल्या गावातही वाचनालये आहेत, शाळा आहेत, कोणी पदरमोड करून दिलेल्या इमारती व ग्रंथ आहेत. त्यांच्या विश्वस्तांपुढे असा प्रश्न कधी ना कधी येणारच. तो येण्याआधी, आपली संस्था कशासाठी काढली होती, हे एकदा सर्वांनी मिळून बोलून ठेवावे, एवढेच आम्हांला सुचवावयाचे आहे.