नराच्या अंगी, मादीच्या पंखी

कढीपत्त्याच्या नाहीतर लिंबाच्या झाडाभोवती घुटमळणारे काळे कॉमन मॉर्मन हे महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉर्मनच्याच कुळातले. नराचे रूप एकच, काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र आपल्याकडे तीन रूपांत दिसते: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरे विषारी असल्याने पक्षी त्यांना टाळतात, आणि त्यांचे सोंग घेतलेली मादी त्या भीतीच्या आडोशाने जगते. या माद्यांना पूर्वी वेगवेगळ्या जाती समजत. त्या एकाच जातीच्या आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५च्या निबंधात मांडले, आणि प्रश्न उरला तो असा: जे सोंग फक्त मादी घेते, त्याचा वारसा कोणाकडून येतो? दीडशे वर्षांच्या संशोधनाचा मागोवा घेतला तर माझ्या मते एकच निष्कर्ष ठामपणे निघतो. गुण एकाच लिंगात दिसतो, म्हणून तो वारसा त्या लिंगाचा ठरत नाही.

पहिला भक्कम पुरावा पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर मिळाला. फ्रायर यांनी श्रीलंकेत या फुलपाखरांच्या पिढ्या वाढवल्या, तेव्हा वरकरणी सारख्याच नरांच्या मुली निरनिराळ्या रूपांच्या निघाल्या. नर सोंगाचे जनुक बाळगत होता आणि मेंडेलच्या नियमाने पुढे देत होता, त्याच्या पंखांवर मात्र त्याची खूण नव्हती. यावर आक्षेप घेता येतो की हे जनुक लिंग-गुणसूत्रावरच असेल. फुलपाखरांत मादीकडे डब्ल्यू नावाचे वेगळे गुणसूत्र असते. सोंग त्यावर असते तर ते आईकडून मुलीकडेच गेले असते, बापाचा त्यात वाटा उरला नसता. इथे बापाचा वाटा प्रयोगातच दिसत होता.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. पंखांचा रंग, ठिपके, आकृतिबंध हे सगळे एकदम बदलायचे, तर एक जनुक पुरेल कसे? क्लार्क आणि शेपर्ड यांनी १९७२मध्ये या जातीच्या आनुवंशिकतेचा सविस्तर अभ्यास मांडला. अशा सोंगांमागे एकमेकांना खेटून बसलेल्या अनेक जनुकांचा गठ्ठा असावा, अशी त्या काळी धारणा होती. २०१४मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी दाखवले की सूत्र डबलसेक्स या एकाच जनुकाकडे आहे. गुणसूत्राचा तो तुकडा उलटा बसल्याने त्यातले अनेक बदल एकत्र टिकतात. म्हणजे गठ्ठ्याची कल्पना सर्वस्वी चुकीची नव्हती, पण तो गठ्ठा एका जनुकाच्या आतच होता. कीटकांत नर-मादी भेद घडवणारे जनुकही हेच. नराच्या आणि मादीच्या पेशी त्याचा मजकूर वेगवेगळा जुळवतात, त्यामुळे सोंगाला मादीपुरते बांधणारी यंत्रणा आधीपासून तयारच होती. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी मादीच्या वाढत्या पंखात या जनुकाचे काम रोखले, आणि सोंगाचा नमुना बिघडला.

मग नर हा बचाव का घेत नाही? अंड्यांचे ओझे वाहणारी मादी शिकाऱ्यांना अधिक सापडते, आणि नराला ओळखीचे रूप जोडीदार मिळवण्यासाठी लागते, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते पटण्याजोगे आहे, तरी जनुकाच्या शोधाइतके पक्के नाही. माझा मुद्दा मात्र त्यावर अवलंबून नाही. कारण काहीही असो, न दिसणारा गुणही नरातून पुढे जातो.

हा धडा माणसांतही जीवनमरणाचा आहे. अंडाशयाचा कर्करोग स्त्रियांनाच होतो, पण त्याचा धोका वाढवणारे बीआरसीए जनुकांतले दोष वडिलांकडूनही येतात, आणि प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून घराण्याचा इतिहास विचारताना आईच्या माहेरावर थांबून चालणार नाही. वडिलांच्या बहिणींची आणि आजीचीही चौकशी व्हायलाच हवी.