‘ग्रंथपाल मॅडम’ की ‘दुकानवाली’? धंदा सुरू करताना ओळख बदलते तेव्हा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण भांडवलाबद्दल बोललो. पण एक विषय व्हिडिओत घाईघाईत संपवता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमच्या बॅचला एक ताई होत्या. तालुक्याच्या गावात सार्वजनिक वाचनालयात अकरा वर्षं ग्रंथपाल. मुलांच्या पुस्तकांचा छोटा व्यवसाय करायचा विचार होता. हिशोब पक्का, जागा बघितलेली. तरी पुढे सरकत नव्हत्या. शेवटी एकदा म्हणाल्या, “सर, दुकान चालेल की नाही याची भीती नाही वाटत. आज गावात मला सगळे ग्रंथपाल मॅडम म्हणतात. उद्या काय म्हणतील?”

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न मी स्वतः भोगलाय.

माझे पहिले चार महिने

मी बीबीए करून एका फायनान्स कंपनीत लागलो होतो. गळ्यात आयकार्ड, खिशात व्हिजिटिंग कार्ड. ते सोडून स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान टाकलं. सकाळी शाळेची गर्दी व्हायची, पण दुपारी एक ते चार काउंटरवर एकटाच. चुलतभावाच्या लग्नाला गेलो नाही, कारण “सध्या काय करतोस?” हा प्रश्न नको होता. झोप उडाली. आई रोज विचारायची, “डबा तसाच का परत आणलास?” मला वाटायचं, धंदा चुकला. खरं तर गल्ला बरा होता. बिघडलो मी होतो. चौथ्या महिन्यात फॅमिली डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. काही महिने उपचार घेतले आणि दुकान चालू राहिलं.

एका मोठ्या ग्रंथपालाची गोष्ट

ताईंना मी एस. आर. रंगनाथन यांची गोष्ट सांगितली. त्यांना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानतात आणि १२ ऑगस्टला आपल्याकडे ग्रंथपाल दिन त्यांच्याच नावाने होतो, हे ताईंना माहीत होतंच. पण हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक! जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळून गेले. वर्गात मुलं असायची, इथे नुसती शांतता. हा एकटेपणा सोसवेना, म्हणून ते परत शिकवायला घ्या असं सांगायला गेले.

तेव्हा तोडगा निघाला. लंडनला जाऊन ग्रंथालयाचं काम शिकायचं. परत आल्यावरही नको वाटलं, तर गणिताची नोकरी पुन्हा मिळेल. ते युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले, तिथली ग्रंथालयं हिंडून बघितली. एका मोठ्या दुकानात त्यांना मेकॅनो हे खेळणं दिसलं. त्याच त्या पट्ट्या-स्क्रू जोडून वेगवेगळ्या वस्तू होतात. पुस्तकांचे विषयही असेच जोडून मांडता येतील, हे त्यांना तिथे सुचलं. १९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी गणिताची नोकरी मागितली नाही. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त आणि १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण ही त्यांची पुस्तकं आली. मद्रासच्या ग्रंथालयात ते सुमारे वीस वर्षं राहिले.

यातून आपण काय घ्यायचं?

१. सुरुवातीचा एकटेपणा म्हणजे अपयश नाही. नोकरीत सहकारी असतात, चहाला सोबत असते. दुकानात ते सगळं एका दिवसात बंद होतं. रंगनाथनांनी पहिल्याच आठवड्यातल्या मनःस्थितीवरून कायमचा निर्णय घेतला असता तर? पहिल्या महिन्यात “बंद करू का?” हा प्रश्न आला तर तारीख टाकून लिहून ठेवा. उत्तर गल्ल्याची वही बघून द्या.

२. परतीची वाट मुदतीसकट ठरवा. त्यांना जुनी जागा राखून मिळाली. आपल्याला मालक असं देईलच असं नाही. म्हणून आपली सोय आपण करायची: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आणि घरच्यांशी स्पष्ट बोलणं, “अमुक महिन्यापर्यंत करतो, मग आकडे घेऊन बसू.” मागे वाट आहे हे माहीत असलं की झोप लागते.

३. जुनं काम वाया जात नाही. गणितात मुरलेलं डोकं त्यांना पुस्तकांची मांडणी करताना कामी आलं. तुम्ही शिक्षक असाल, नर्स असाल, क्लार्क असाल, तुमच्या हातात एक कसब आहे. पदाचं नाव सोडा आणि कसब घेऊन या.

आता थोडं गंभीर

धंद्याची काळजी आणि आजार यात फरक आहे. दोन आठवडे किंवा जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटणं, कशातच रस न राहणं, झोप-भूक बिघडणं, असं झालं तर “मन घट्ट कर” हा उपाय नाही, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू. जीव नकोसा वाटतोय असा विचार आला तर त्याच क्षणी फोन करा आणि घरात कुणाला तरी सांगा. शटर एक दिवस बंद राहिलं तरी चालेल.

ताईंचं पुढे काय झालं?

त्यांनी राजीनामा दिला नाही. वाचनालय सकाळ-संध्याकाळ, दुपार मोकळी. त्या दुपारी घरूनच सुरुवात केली: मुलांच्या वयाप्रमाणे आणि आवडीप्रमाणे पुस्तकं निवडून वाढदिवसासाठी संच बनवून द्यायचे. कुठल्या मुलाला कुठलं पुस्तक द्यावं, हे अकरा वर्षं त्या करतच होत्या. कार्ड छापताना पदाच्या जागी काय लिहायचं यावर अडल्या. शेवटी फक्त नाव आणि फोन नंबर छापला. लोक अजून मॅडमच म्हणतात. परवा एक आजोबा म्हणाले, “त्या पुस्तकवाल्या बाईंचं घर कुठलं?” ताईंनी मला हे हसत सांगितलं, पण थोडं लागलंही, असं म्हणाल्या. लागणारच. मलाही ‘झेरॉक्सवाला’ हाकेची सवय व्हायला वर्ष गेलं.

तुमचं काम: आज वहीत दोन रकाने करा. एकात ‘नोकरी सोडल्यावर काय जाईल’, दुसऱ्यात ‘माझ्यासोबत काय येईल’. पहिल्या रकान्यात पगारासोबत मान, मित्र आणि दिनक्रमही लिहा. मग ती वही घरातल्या एका माणसाला वाचून दाखवा.

पुढच्या व्हिडिओत बोलू, दुपारच्या रिकाम्या वेळेत दुकानात काय काय करता येतं. भेटू!