मिडास कधी घ्यायचा? तोरण्याला विचारा

जुलै २०२५ मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला. पुढच्याच महिन्यात संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशांच्या डावांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. पहिल्या बातमीवर फेटे आणि ढोल, दुसरीवर आईबापांची काळजी. दोन्ही बातम्या वाचणारी माणसेही वेगळी. पण डोटा हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या कुठल्याही मुलाला ज्या प्रश्नाने घाम फुटतो, तोच प्रश्न पावणेचारशे वर्षांपूर्वी वेल्ह्याच्या डोंगरात पडला होता. हातात पैसा आला आहे, तो आज लढायला घालायचा की उद्याची कमाई वाढवायला?

डोटात पाच विरुद्ध पाच लढतात. त्यात ‘हँड ऑफ मिडास’ नावाची एक वस्तू मिळते. तिने लढता जवळजवळ येत नाही. ठरावीक वेळाने एका किरकोळ प्याद्यावर ती वापरायची, की थोडे जास्त सोने आणि बराच अनुभव मिळतो. आकडे आवृत्तीगणिक बदलतात, पण बराच काळ किंमत २२०० आणि एका वापराचे सोने १६० असा हिशेब राहिला आहे. आठव्या मिनिटाला घेतली आणि साधारण पावणेदोन मिनिटांनी एकदा वापरली, तर तिसाव्या मिनिटापर्यंत दोन हजारांच्या आसपास सोने परत येते. म्हणजे नुसत्या सोन्याचा हिशेब केला तर अर्ध्या तासानेही जेमतेम बरोबरी. शिवाय ते प्यादे मिडासशिवाय मारले असते तरी थोडे सोने मिळालेच असते, ते वजा करा. खरा फायदा अनुभवाचा. वस्तू विकली तर निम्मी किंमत हाती येते, एवढाच दिलासा. विसाव्या मिनिटाला मिडास घेणारा खेळाडू माझ्या मते हिशेब करत नसतो, आशा करत असतो.

गणित सोपे आहे आणि म्हणूनच फसवे आहे. २२०० सोने त्या वस्तूत अडकले, की तेवढ्या काळापुरता तो खेळाडू लढाईत निम्मा असतो. समोरच्या संघाला हे दिसते. शहाणा प्रतिस्पर्धी त्याच क्षणी चालून येतो. त्यामुळे ‘परतावा किती मिनिटांत?’ याच्या आधी विचारायचा प्रश्न असा, की तेवढी मिनिटे आपल्याला कोण देणार आहे?

काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या खेळात हाच पेच पाच जणांच्या खिशात वाटलेला असतो. डाव सुरू होतो ८०० डॉलरवर. एके-४७ येते २७०० ला. हरलात तर भरपाई १४०० पासून सुरू होते आणि सलग हरत गेलात तर पाचशे-पाचशेने वाढत ३४०० पर्यंत जाते. म्हणून संघ कधी कधी ठरवून एक फेरी पिस्तुलावर काढतो, पैसा साठवतो आणि पुढच्या फेरीत पूर्ण हत्यारांनिशी उतरतो. याला ‘इको’ म्हणतात. तिघांनी साठवले आणि दोघांनी उत्साहात बंदुका घेतल्या, तर ही फेरी जाते आणि पुढचीही. सगळे गरीब, नाहीतर सगळे सज्ज.

आता वेल्ह्याच्या डोंगरातला तोरणा. १६४६-४७ च्या सुमारास शिवरायांनी हा गड घेतला. डागडुजीसाठी खणताना पुरलेले धन सापडले, ही गोष्ट मुख्यतः नंतरच्या बखरींतून आणि ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातून आपल्यापर्यंत आली. धनाचे हंडे किती होते यावर ज्यांना वाद घालायचा त्यांनी घालावा. डफने सांगितलेला खर्चाचा क्रम मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. आधी हत्यारे आणि दारूगोळा, मग उरलेल्या पैशातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवा गड. तोच राजगड. थोडी लढाईची तयारी आधी, कमाईची वस्तू नंतर. डोटाचा कुठलाही चांगला प्रशिक्षक हाच क्रम सांगेल.

गड ही कमाईची वस्तू कशी, असे कोणी विचारेल. गुंजण मावळ आणि कानद खोरे इथला शेतकरी नांगर धरतो तो वर कोणीतरी पहाऱ्याला आहे या भरवशावर. त्या काळी पडीक जमीन लागवडीला आणायची रीत होती इस्ताव्याची: पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग वर्षागणिक चढता. मलिक अंबरपासून दख्खनला ठाऊक असलेली ही रीत दादोजी कोंडदेवांच्या काळात पुणे जहागिरीतही राबवली गेली. म्हणजे पहिली काही वर्षे तिजोरीत खडखडाटच. मिडासपेक्षाही सावकाश परतावा.

मग ती वर्षे कोणी दिली? विजापूरने, नाइलाजाने. मुहम्मद आदिलशहा १६४६ पासून आजारी पडला तो १६५६ मध्ये मरेपर्यंत पुरता उठलाच नाही. त्याच्या फौजा कर्नाटकात गुंतलेल्या. समोरचा संघ नकाशाच्या दुसऱ्या टोकाला असताना इथे दगडावर दगड चढत होता. हे दैव म्हणा, पण दैव ओळखून त्याच वेळी पैसा मोकळा करणे हे कौशल्यच. तरी किंमत चुकली नाही. १६४८ मध्ये शहाजीराजे कैद झाले, विजापूरचा सरदार फत्तेखान पुरंदरावर चालून आला, आणि १६४९ मध्ये वडिलांच्या सुटकेसाठी कोंढाणा परत द्यावा लागला. कोंढाणा दिला. राजगड दिला नाही.

पुढे मोगलांचा सरदार मिर्झाराजे जयसिंग आला तेव्हा त्याने जे केले ते आजचा एखादा कर्णधार पडद्यावर करेल तसेच होते. पुरंदराला वेढा घातलाच, शिवाय आपल्या फौजेतल्या दाऊदखानाला राजगड-रोहिड्याच्या मुलखात सोडले. १६६५ च्या एप्रिलात भोरजवळच्या रोहिड्याभोवतीची पन्नासेक गावे जाळली गेली. गड घेता येत नसेल तर गडाखालची कमाई जाळायची. गेमिंगच्या भाषेत याला ‘फार्म तोडणे’ म्हणतात आणि तिथे ते हुशारीचे काम आहे. इथे ती माणसांची घरे होती.

जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख गेला, बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख उरला. राखलेल्या बारांत राजगड आणि तोरणा दोन्ही. अडचणीत कमाईची वस्तू निम्म्या किमतीला विकून हत्यार घ्यायचा मोह प्रत्येक खेळाडूला होतो. इथे उलटे झाले. आणखी पाच वर्षांनी गेलेले किल्ले परत यायला लागले ते याच डोंगरातून. राजगडावरची राजधानी रायगडावर गेली ती त्यानंतरच.

युनेस्कोच्या यादीत बारा किल्ल्यांमध्ये राजगड आहे, तोरणा नाही. यादीचे निकष असतील, पण ज्या गडाने बीजभांडवल दिले तो बाहेर आणि ज्यावर ते लागले तो आत, हे मला खटकते.

देणारा मागे राहण्याची डोटात सवय असते. पाचातले दोघे ‘सपोर्ट’. त्यांनी स्वस्त वस्तू घ्यायच्या, पहारा द्यायचा आणि सोने एका ‘कॅरी’ने वेचायचे. संघाचा कॅरीवर विश्वास असतो तोवर हे चालते. वेल्ह्याला, म्हणजे आताच्या राजगड तालुक्याला, ही भूमिका नवी नाही. पानशेत आणि वरसगाव इथे, पाणी पुण्याला. भोरमध्ये भाटघरचे आजचे धरण १९२८ मध्ये पुरे झाले, वेळवंडीचे खोरे पाण्याखाली गेले आणि नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसच्या शेतात ऊस उभा राहिला. गुंतवणूक म्हणून निर्णय बिनचूक, परतावा जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे. फक्त व्यावसायिक डोटात स्पर्धा जिंकली की बक्षिसाची रक्कम पाचही जणांत वाटली जाते, आणि सपोर्टचा वाटा किती हे सहसा आधीच ठरलेले असते. धरणाकाठच्या गावांना तसला वाटा कोणी ठरवून दिला नव्हता.